पडली, असं लिहिलेल्या बायका

अक्का गेल्याची बातमी आली तेव्हा मी थाप मारत होतो. आमच्या आजोबांनी कोलारच्या वाटेवर निव्वळ छत्री उघडून बिबट्याला कसं पळवलं, ते इस्पितळाच्या ऑफिसात चौघांना सांगत होतो. छत्री उघडायची तेवढी बाकी होती आणि दारात कमलम्मा आया येऊन उभी राहिली. "दत्तण्णा, मोठ्या डॉक्टरम्मा गेल्या. सकाळी कॉफी मागितली, कॉफी येईपर्यंत..." माझा हात छत्री धरल्यासारखा वरच राहिला. बाकीचे हसतच होते. त्यांना वाटलं, गोष्ट चालू आहे. आज त्याला पाच आठवडे झाले.

शहर तिला डॉक्टर मनोरमाबाई म्हणायचं. माझी ती मावसबहीण, नऊ वर्षांनी मोठी, म्हणून अक्का. बंगळुरातल्या चिकपेटेत आमचं चार पिढ्यांचं कापडाचं दुकान, पण दुकानात मी टिकलो नाही. एकेका लुगड्यामागे मी इतका इतिहास सांगायचो की गिऱ्हाईक गोष्ट ऐकून, वर ताक पिऊन रिकाम्या हातांनी घरी जायचं. शेवटी वडील म्हणाले, "मनू, ह्याला तुझ्या इस्पितळात घेऊन जा बाई. इथं राहिला तर दुकान बुडवील." अशा रीतीनं मी बायकांच्या इस्पितळात नोंदणी कारकून झालो. पन्नासचं दशक नुकतं लागलं होतं, आणि इस्पितळ होतं त्या राजाजीनगरात घरांपेक्षा दगडच जास्त होते.

आमच्या रजिस्टरात नाव, वय, गाव आणि कारण असे चार रकाने होते. 'कारण' ह्या रकान्यात 'बलात्कार' असं लिहिलं की ठाण्यावर चिठ्ठी जायची. मग हवालदार येऊन खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा आणि आजूबाजूच्या सहा खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारपूस करायचा. तासाभरात बाईची माणसं तिला घेऊन निघून जायची. टाके अर्धे, औषध अर्धं. हे अक्कानं इतक्यांदा पाहिलं होतं की मी कामाला लागल्यावर तिसऱ्याच दिवशी तिनं मला बोलावलं.

"दत्तू, अशी बाई आली की 'पडली' असं लिहायचं."

"कुठून पडली?"

"ते तू बघ. तुझ्या थापा जन्मात एकदा तरी कुणाच्या कामी येऊ देत."

वाचकहो, त्यानंतर मी बंगळुरातल्या निम्म्या जिन्यांना बदनाम केलं! ज्या घरांना जिना नव्हता त्यांना बांधून दिला. बायकांना जटका-टांग्यातून पाडलं, गच्चीवरून पाडलं, एकीला तर चिंचेच्या झाडावरून पाडलं. आमचं रजिस्टर खरं मानलं असतं तर ह्या शहरात बाईमाणसाला उभं राहायला सपाट जागाच नव्हती. मला त्याचा अभिमान होता, हे आज लपवत नाही. नुसतं 'पडली' लिहिणं मला कोरडं वाटायचं. कशावर पडली, हातात काय होतं, हे घातल्याशिवाय माझ्यानं टाक खाली ठेववत नसे.

खरं काय ते अक्का स्वतःच्या वहीत लिहायची. नाव नाही, फक्त आकडा. पण गल्ली, वेळ, ओळखीचा की अनोळखी, कामाची जागा, सगळं. पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनी आणि वर्षानं ती त्या बाईला काही ना काही निमित्तानं बोलावून घ्यायची आणि तेच चार प्रश्न विचारायची. झोप लागते का? जेवण जातं का? घरात कोण बोलतं? कुठल्या वाटेनं जावंसं वाटत नाही? ह्याला ती 'माझा अभ्यास' म्हणायची. त्या अभ्यासातून तिला दोन गोष्टी दिसायला लागल्या होत्या. ज्या बाईजवळ आई किंवा बहीण नुसती बसून राहिली, दोष न देता, ती लवकर सावरायची. आणि त्याच त्या वाटा, तेच ते कारखाने वहीत पुन्हा पुन्हा येत होते. तिथं दिवे लागले, बायका घोळक्यानं सुटल्या, तर पुढच्या तरी वाचतील, असं ती म्हणायची. डॉक्टरांच्या सभेत तिनं हे मांडलं. एका बुजुर्गानं चष्मा पुसत विचारलं, "हे वैद्यक आहे की भजनीमंडळ?" सभा हसली. अक्कानं कागद गोळा केले आणि घरी येऊन पोळ्या लाटल्या. इतक्या पातळ, की त्यातून वर्तमानपत्र वाचता आलं असतं.

अशात गौरम्मा आली. अगरबत्तीच्या कारखान्यात कामाला, बावीस-तेवीस वर्षांची. जबरदस्ती करणारा तिथलाच मेस्त्री, म्हणजे मुकादम. मी नेहमीप्रमाणे लिहिलं: न्हाणीघरात शेवाळावरून पाय घसरला, तांब्याच्या हंड्यावर पडली. हंडा माझा. फार शोभला होता. तीन महिन्यांनी ती अक्काच्या प्रश्नांना आली ती ताठ बसूनच. "झोपेचं राहू दे अक्का. माझी बहीण अजून त्याच्याच हाताखाली काम करते. मला कोर्टात जायचंय. तुम्ही साक्ष द्याल?" अक्का म्हणाली, "देईन."

कोर्टात मेस्त्रीच्या वकिलानं आमचं रजिस्टर उघडलं आणि सावकाश, चवीनं वाचलं. शेवाळ वाचलं. हंडा वाचला. लोक हसले. मग त्यानं अक्काला विचारलं, "डॉक्टरम्मा, खाली सही आपलीच ना? मग तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं बोलताय?"

अक्काच्या मांडीवर तिची वही होती. तीत गौरम्माचं पान होतं, त्या दिवशीच्या तारखेचं, जखमेसकट. वकिलानं ते हेरलं. "वही असेल तर हजर करा. सबंध वही." सबंध वही म्हणजे बाकीच्या सगळ्या जणी. नावं नसली तरी गल्ल्या होत्या, कारखाने होते, दिवस होते. कुणाच्याही सासऱ्यानं ओळखलं असतं. अक्कानं वहीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "देणार नाही." तिचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. मेस्त्री सुटला.

हा प्रसंग मी पुढं शेकडो बैठकांत सांगितला. मी मागच्या बाकावरून उठलो, "हुजूर, हंडा माझा आहे!" म्हणून गरजलो, छतावरची कबुतरं उडाली, दोन शिपायांनी मला उचलून बाहेर नेलं... अक्का कधी कधी त्या बैठकीत असायची. तिनं मला एकदाही खोडलं नाही, नुसती सुपारी कातरत राहायची. ती असेपर्यंत जे लिहायला धजलो नाही ते आता लिहितो. मी उठलो नाही. नोकरी जाईल म्हणून बाकाची कड धरून बसून राहिलो. कबुतरं जागची हलली नाहीत.

कोर्टाच्या पायऱ्यांवर गौरम्मा रडली नाही. एवढंच म्हणाली, "अक्का, लिहायच्या आधी मला विचारायचं होतंत. मी सांगितलं असतं, खरं लिहा." गौरम्मा बहिणीला घेऊन होसूरकडे गावी गेली. वर्षानं येणार होती, आली नाही.

त्याच आठवड्यात कुणी म्हणालं, वकील वही जप्त करवणार. खरं-खोटं देव जाणे. अक्कानं आठ वर्षांच्या सगळ्या वह्या बंबात घातल्या. पानं फाडून द्यायला मीच होतो. त्या पाण्यानं मग कुणीच अंघोळ केली नाही. त्यानंतर ती प्रत्येक बाईला आधी विचारायची, "रजिस्टरात काय लिहू?" खरं लिहिलं तर आज काय होईल, खोटं लिहिलं तर उद्या काय होईल, दोन्ही सांगायची. बहुतेक जणी 'पडले' असंच लिहायला सांगायच्या. चार प्रश्न तिनं सोडले नाहीत, पण उत्तरं कागदावर उतरवली नाहीत. सगळी तोंडपाठ! हजारो असतील... नाही, हजारो नसतील. पण जेवढी होती तेवढी तिच्याबरोबर गेली.

मागच्या आठवड्यात एक बाई आली. नव्या डॉक्टरीणबाई शस्त्रक्रियेत होत्या. मी टाक हातात घेऊन विचारलं, काय लिहू? दोन्ही परिणाम सांगितले. ती म्हणाली, "पडले लिहा, अण्णा. इथं तसं लिहून मिळतं, असं शेजारीण म्हणाली." कुठून, ते मला सुचेना. माझ्यासारख्याला सुचेना! मग तिनंच सांगितलं, विहिरीच्या पायरीवरून. मी तेवढंच लिहिलं. आणि अक्काची सवय म्हणा, तोंडातून निघून गेलं, "घरात कोण बोलतं?"

तिनं उत्तर दिलं. कागदावर उतरवायचा मला धीर झाला नाही. मी जे ऐकतो त्यात भर घातल्यावाचून राहत नाही, हे सगळ्या बंगळुराला ठाऊक आहे. म्हणून रोज सकाळी, कुणाशी काही बोलायच्या आधी, मी ते उत्तर एकदा मनात म्हणून पाहतो. आज आठ दिवस झाले. अजून तरी एक शब्द वाढलेला नाही.