सारंगाचा विमा

बेलापुरात नूरमहंमद शेखांना सगळे जहाजवाले चाचा म्हणत. प्रवरेकाठी जन्मलेला हा माणूस उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर राबला आणि शेवटी खलाशांचा मुकादम, म्हणजे सारंग होऊन घरी परतला. आता सत्तरी उलटली होती. तरी गावात कुणी समुद्राचा विषय काढला की चाचांचा आवाज आपोआप चढायचा.

त्या काळचा डेरेक नावाचा इंग्रज अधिकारी अजून त्यांच्या संपर्कात होता. तोही निवृत्त झालेला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहणारा. त्याच्याकडे शिडाची लहानशी होडी होती. एक दिवस त्याचा फोन आला, "नूर, या उन्हाळ्यात ये. दोघं मिळून फ्रान्सपर्यंत जाऊ. पुढच्या वर्षी माझे गुडघे साथ देतील की नाही कुणास ठाऊक."

पुढे तो म्हणाला, "एक मात्र आहे. पूर्वी आमची होडी तिकडच्या बंदरात शिरली तर कुणी ढुंकून बघत नसे. आता आम्ही युरोपीय संघातून बाहेर पडलोय. म्हाताऱ्यांचेसुद्धा पासपोर्ट उलटून पालटून बघतात. तू व्हिसा काढ आणि आजारपणाचा विमा पक्का करून ये."

व्हिशाचं बघता आलं असतं. विम्यापाशी घोडं अडलं. श्रीरामपुरात सूर्यभान नावाचा एजंट होता. चाचांचं वय ऐकून एका कंपनीने नाही म्हटलं, शिडाची होडी म्हटल्यावर दुसरीने. विमानाने जा, बोटीत बसून फोटो काढा, पण होडी चालवायची असेल तर आम्ही नाही, असं तिसरीचं म्हणणं. चाचा दर आठवड्याला एसटीने श्रीरामपूरला जायचे आणि उतरलेला चेहरा घेऊन परतायचे.

अखेर एक कंपनी तयार झाली. फक्त फोनवर चार प्रश्नांची उत्तरं द्यायची होती. चाचांना कमी ऐकू यायचं, म्हणून सूर्यभानने फोनचा आवाज मोठा केला. तेवढ्यात आबासाहेब आत आले. त्यांना जीपचा विमा भरायचा होता. चाचांच्या घराशेजारचाच माणूस, त्यांना हात करून ते बाकावर बसले.

फोनवरच्या मुलीने विचारलं, "हृदयाचा काही त्रास? कधी दवाखान्यात दाखल झाला होतात?"

"नाही," चाचा म्हणाले. "तब्येत ठणठणीत आहे."

बोलून झालं, पॉलिसी मंजूर झाली आणि त्यांची नजर बाकाकडे गेली. दोन वर्षांपूर्वी चाचा अंगणात कोसळले होते. तेव्हा आबासाहेबांनीच त्यांना पाठीवर घेऊन जीपमध्ये घातलं होतं, अनवाणी नगर गाठलं होतं आणि हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवून होईपर्यंत ते दवाखान्याच्या पायरीवरून हलले नव्हते. तेच आबासाहेब आता मान खाली घालून जीपचे कागद चाळत होते.

त्या दिवसापासून चाचा आबासाहेबांचं दार टाळून मागच्या बोळाने मशिदीत जाऊ लागले. त्यांच्याबरोबरचा स्टँडवरचा चहा बंद झाला. घरात बायकोने, बानूचाचींनी, विचारलं, "आबासाहेबांशी भांडलात का?"

"कशाला भांडू," एवढंच ते म्हणाले.

मग एका संध्याकाळी आबासाहेब स्वतःच दारात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. हलक्या आवाजात म्हणाले, "नूरभाई, उद्या कुनी चौकशीला आलं तर मी तुमाला नगरला नेलंच न्हाई. आमच्या घरातबी तसंच सांगून ठिवलंय. तुमी बिनघोर जा."

चाचांना वाटलं, याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्या माणसाने जीव वाचवला, तो आता आपल्यासाठी ती गोष्टच पुसून टाकायला निघाला होता. वर स्वतःच्या बायकोलाही खोटं शिकवून आला होता. बानूचाची आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्या आत गेल्या आणि बराच वेळ भांडी घासत राहिल्या.

सकाळी चाचांनी श्रीरामपूर गाठलं आणि सूर्यभानला खरं काय ते सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. "चाचा, निदान मला तरी सांगायचं होतंत," तो म्हणाला. पॉलिसी रद्द झाली. जमिनीवरच्या मुक्कामापुरता, हृदयाचा आजार धरून दुसरा विमा मिळत होता. महाग होता, पण खरा होता. होडीचं नाव काढायची सोय उरली नाही.

डेरेकला फोन करणं त्याहून जड गेलं. त्यालाही चाचांनी छातीचं कधी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "त्या होडीत आपण दोघंच असणार होतो, नूर. भर समुद्रात तू छाती धरून बसला असतास, तर मला काय कळलं असतं?"

आजवर चाचांना वाटत होतं, आपण फक्त एका कंपनीला फसवलं.

आबासाहेबांनाही त्यांनी गाठलं. "सगळं सांगून टाकलं. तुम्हाला खोटं बोलायला लावत होतो, माफ करा."

"बरं केलं," आबासाहेब म्हणाले. दोघांनी चहा घेतला, पण पहिल्यासारख्या गप्पा रंगायला बरेच दिवस गेले.

रागावलेल्या डेरेकचा आठवड्याने पुन्हा फोन आला. "ये तू. होडीचा दोर नाही सोडायचा, नुसते बसू." नव्या विम्यावर चाचा जुलैत गेले. धक्क्याला बांधलेल्या होडीत दोघं म्हातारे दुपारभर बसत, शिडं तपासत आणि जुन्या सोबत्यांची नावं आठवत. शेजारच्या होड्या फ्रान्सकडे निघायच्या तेव्हा चाचा नजर दुसरीकडे वळवायचे.

एकदा निघालेल्या एका होडीतून कुणीतरी हाक दिली, "तुम्ही नाही येत?"

डेरेक काहीतरी सबब सांगणार, तोच चाचा मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "माझं हृदय खराब आहे. मला होडीसाठी विमा मिळत नाही." त्या माणसाने नुसता हात हलवला आणि होडी बंदराबाहेर नेली.