नर्सबाईची शिकवणी

त्या दुपारी आम्ही नवरा-बायकोनं अंगणात बसून लाखोरीची डाळ निवडली. ते आमचं सोबतचं शेवटचं काम. "दाणे फेकून राहिले न् खडे ठेवून राहिले तुम्ही," असं म्हणून ती हसली आणि बसल्या जागीच कलंडली. हाक मारली तर ओ नाही, श्वासही नाही. अशा वेळी काय करायचं, ते महिन्याभरापूर्वीच एक नर्सबाई आमच्या धानाच्या गिरणीत हमालांना शिकवून गेली होती. छाती दाबून दाखवायला तिनं आणलेला रबराचा पुतळा बाईचा होता. पोरं फिदीफिदी हसली. मी सगळ्यांत म्हातारा, म्हणून ऐटीत म्हणालो, "बाईच्या छातीले हात लावाचं आमचं वय नाही, मॅडम." ती म्हणाली, "काकाजी, जीव जाऊन राहिला तर बाई का माणूस, ते पाहत नाही." मी उठलो आणि बाहेर कोंड्याच्या ढिगाजवळ बिडी ओढत बसलो. आता अंगणात मी बायकोच्या छातीवर हात ठेवले, पण कुठं दाबायचं, किती जोरानं, काहीच ठाऊक नव्हतं. चार वेळा दाबलं, हाड मोडेल म्हणून भ्यालो आणि थांबलो. दवाखान्याची गाडी आली तोवर शेजारणीनं तिच्या तोंडात तुळशीचं पाणी घातलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीतले हमाल भेटायला आले. एकजण म्हणाला, "तुम्ही तरी काय करणार काकाजी, तिची वेळच आली होती." मी सगळ्यांसमोर सांगितलं, "वेळ नव्हती आली. मले येत नव्हतं. शिकवून राहिले होते, तवा मी बाहेर बिडी ओढत होतो."