मामा, कॅमेरा आणि झोपलेली बाग

जगात फोटो काढणारे पुष्कळ असतील, पण समोरच्याचा श्वास बंद पाडून फोटो काढणारा माणूस ब्रह्मदेवानं एकच घडवला, आणि ते नेमके माझे मामा निघाले. "धरा!" अशी आरोळी आली की सगळ्यांनी श्वास रोखायचा आणि "सोडा!" म्हणेपर्यंत सोडायचा नाही. मधल्या वेळात मामा डोळा बारीक करणार, भिंग पुसणार, दोन पावलं मागे सरकणार, ऊन ढगाआड गेलं तर ते परत यायची वाट बघणार. माझ्या लग्नाच्या फोटोत सासरे लालबुंद दिसतात; लोकांना वाटतं मानपानावरून काही झालं होतं. छे हो, बिचाऱ्यांनी श्वास धरला होता! आणि एका गोष्टीचा फोटो एकच. "दुसरा काढला म्हणजे पहिल्यावर भरवसा नव्हता," असं मामांचं म्हणणं.

नव्वदच्या दशकात आम्ही सांता क्लाराला राहत होतो. एका हिवाळ्यात मी मामा-मामी दोघांनाही बोलावलं. पण त्यांची निफाडला द्राक्षाची बाग, आणि ऐन मणी भरायच्या दिवसांत मामी कसली येतेय! "ह्यांनाच ने बाई," ती म्हणाली, "हे इथं असले की मला बागही सांभाळावी लागते आणि हेही." मामांचं मत अर्थातच उलटं. "मी नसताना थंडीत बागेचं कसं व्हायचं, देव जाणे," हे पालुपद त्यांनी विमानतळावरच सुरू केलं. घरात शिरल्या शिरल्या त्यांचे फिल्मचे रोल माझ्या फ्रीजमध्ये अंड्यांच्या जागी जाऊन बसले आणि देवापुढची काडेपेटी त्यांच्या कोटाच्या खिशात गेली. विडीकाडीचं व्यसन नव्हतं हं! पारा फार उतरला की द्राक्षाचे मणी तडकतात, वर्षाची मेहनत मातीत जाते. म्हणून निफाडला पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. त्या सवयीनं हिवाळ्यात काडेपेटीशिवाय मामांना चुकल्यासारखं व्हायचं.

इथल्या द्राक्षबागेवर गोठलेलं दव पडतं, त्याचा फोटो मामीला दाखवायचा, हा त्यांचा ध्यास. माझ्या नवऱ्यानं ओळखीतून उत्तरेकडच्या एका बागेच्या मालकाची परवानगी मिळवली. जायच्या आदल्या संध्याकाळी मामीचा फोन आला. "अहो, थंडी भयंकर वाढलीय, आज रात्री बहुतेक..." एवढं ऐकू आलं आणि लाइन कट झाली. मग काही केल्या फोन लागेना. मामा जेवायला उठले नाहीत. "ट्रिप कॅन्सल करू या का?" नवऱ्यानं विचारलं. "नको. घरात बसून तरी काय करू?" मामा म्हणाले.

सकाळी उजाडता उजाडता पोचलो. सगळी बाग पांढरीफटक. एका वेलीवर पान नाही, नुसती काळी वाकडी खोडं. मामांनी निफाडच्या बागेला हिवाळ्यात हिरवंच पाहिलेलं. ते मटकन बांधावर बसले. "गेली गं. सगळी बाग गेली." ते कुठल्या बागेबद्दल बोलताहेत हे मला कळलं. मी काही बोलायच्या आत ते उठले आणि छाटलेल्या काड्या गोळा करत सुटले. "अगं यार, बघ, काडेपेटी काढली त्यांनी!" नवरा ओरडला. आम्ही धावेपर्यंत लांबून मालकाची गाडी येताना दिसली, आणि मला तर मामांच्या हातात बेड्याच दिसायला लागल्या.

मालक म्हातारा, गमबूट घातलेला. मी धापा टाकत त्याला निफाडच्या शेकोट्यांची गोष्ट सांगितली. त्यानं मामांच्या हातातल्या काड्यांकडे बघितलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटला. मी मामांना सांगितलं, "वेली मेल्या नाहीत हो मामा. झोपल्यात म्हणतोय. थंडी पडली की गाढ झोपतात, वसंतात उठतात."

"बाग झोपते?" मामांना पटेना. त्यांनी एका काडीची साल नखानं खरवडली. आत हिरवंगार! मग कुठे कॅमेरा निघाला. थंडीत तोंडातून वाफा निघतात, त्या फोटोत येतील म्हणून मालकालाही फर्मान सुटलं, "धरा!" भाषेचं काही अडलं नाही. गाल फुगवून तो बापडा उभा राहिला. फोटो एकच निघाला.

संध्याकाळी, निफाडला उजाडल्यावर, फोन लागला. मामांनी रिसीव्हर कानाला लावला, मीही शेजारी कान नेला. "रात्रभर धूर केला," मामी सांगत होती, "एक मणी तडकला नाही." मामांचे गाल फुगलेले. तोंड लाल झालेलं.

"मामा," मी म्हटलं, "सोडा."

त्यांनी असा श्वास सोडला की तो पार निफाडला ऐकू गेला. "अगंबाई, काय झालं? रडताय का?" मामी घाबरली.

"नाही गं," मामा डोळे पुसत म्हणाले, "फोटो काढत होतो."

मग त्यांनी रिसीव्हर ठेवला. "माझ्यावाचून निभावलंन हो तिनं," एवढंच म्हणाले. आनंदानं म्हणाले, पण जरा हळू.

त्या फोटोची एक प्रत माझ्या स्वयंपाकघरात आहे. मामा आता नाहीत. थंडीत सकाळी गाडीच्या काचेवर पांढरं दव गोठलेलं दिसलं की मी नकळत श्वास धरते. सोडा म्हणणारं कुणी नसतं, मग थोड्या वेळानं आपला आपणच सोडते.