आमच्याच कंपनीची लाल कॅप्सूल

आमच्या भजनी मंडळात गेली चाळीस वर्षं माझा एक अनुभव भक्तिभावानं सांगितला जातो. माझी बायको क्षयानं खंगली होती, परदेशी औषध मिळत नव्हतं आणि देवानं एका अनोळखी माणसाच्या हाती ते पाठवलं. हा अनुभव खोटा आहे. तो मीच पसरवला. दर वेळी माना डोलताना बघून आता मलाच वीट आलाय. वय ऐंशीच्या पुढे गेलं, म्हणून खरं लिहितो.

ऐंशी सालच्या आसपास मी पिंपरीतल्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होतो. क्षयावरच्या लाल कॅप्सूल आधी फक्त परदेशातून यायच्या. मधे पेटंटचा कायदा बदलला, तेच औषध आपल्या रीतीनं बनवायची मुभा मिळाली, आणि आमची कंपनी ते कामगाराला परवडेल अशा भावात बनवू लागली. डॉक्टरांनी सुशीलेला तेच लिहून दिलं. पण त्याच औषधाच्या बॅचच्या बॅच रद्दचा शिक्का बसून परत जाताना मी रोज बघत होतो. असला माल बायकोच्या पोटात घालू? मी विलायतीसाठी अडून बसलो. केमिस्ट म्हणे आयातीचं लायसन आलं नाही, एजंट म्हणे माल बंदरावर अडकलाय. आज या, उद्या या, डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा आणा. यात दीड महिना गेला. सुशीलेच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं.

एका चतुर्थीला चिंचवडला मंगळमूर्तीच्या दर्शनाला गेलो आणि हात जोडायचे सोडून भांडूनच आलो. बसथांब्यावरही माझी बडबड चालूच होती. शेजारी एक बाई उभ्या होत्या, पदराला आमच्याच कंपनीचा बिल्ला.

“भाऊ, देवावर कशाला चिडताय? लायसन काय त्याच्या टेबलावर अडकलंय?”

मी ओशाळलो आणि सगळं सांगून टाकलं, रद्द मालासकट. त्या हसायलाच लागल्या.

“अहो, तो माल रद्द करणारी मीच! तपासणीत आहे मी. कॅप्सूलमधे औषध जरा कमी भरलं की शिक्का मारते, साहेब किती का ओरडेना. जी कंपनी काहीच फेकत नाही ना, तिची कॅप्सूल मी खाणार नाही. माझ्या आईलाही क्षय आहे, ती आपलीच खाते.”

मला भरून आलं. म्हणालो, “मंगळमूर्तीनंच पाठवलं तुम्हाला.”

“छे हो, आम्ही बौद्ध. मी रहाटणीच्या बससाठी उभी आहे.”

त्याच संध्याकाळी सुशीलेला पहिली कॅप्सूल दिली. वर्षभरात ती बरी झाली. लोक विचारू लागले, तेव्हा मला लाज वाटली. पॅकिंगला बसून ज्या मालाला नावं ठेवली, त्यानंच बायको वाचली हे सांगवेना. म्हणून म्हणालो, विलायती मिळाली, देवाची कृपा. माझ्याच खात्यातल्या राजगुरुनगरच्या दत्तूनं ते ऐकलं आणि क्षयानं आजारी भावाला चालू असलेल्या आमच्या कॅप्सूल बंद करून विलायतीची वाट बघत बसला. मला ते ठाऊक होतं. मी गप्प राहिलो. त्याचा भाऊ गेला.

गेल्या महिन्यात दत्तूच्या घरी जाऊन हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “म्हंजे इतकी वर्सं म्या त्या लायसनवाल्यांना शिव्या घातल्या, त्या तुझ्या व्हत्या व्हय?” मी हो म्हणालो. “मग घे आता,” म्हणाला, आणि अंगणात उभं करून त्यानं मला मनसोक्त शिव्या दिल्या. मी मान खाली घालून ऐकत होतो. चहा विचारला नाही.

देवानं माझं ऐकलं होतं. मीच त्याला औषध कुठून यावं आणि कुणाच्या हातून यावं ते शिकवत बसलो होतो. त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. सुशीला आणखी सव्वीस वर्षं जगली, ती त्यांची देणगी. येत्या चतुर्थीला मंडळात हा कागद मीच वाचणार आहे. पुढे काय होईल ते त्याच्यावर सोडलंय, आणि या वेळी अट घातलेली नाही.