चष्मेवाल्याचा मारवा

कोणती रेकॉर्ड ऐकावी हे विचारायला गल्लीतले कानसेन चष्मेवाल्याच्या दुकानात येत. काचा पुसता पुसता तो सांगे, "आधी मारवा ऐका. बाकीचं नंतर." हल्ली मात्र तो मारव्याचं नाव काढत नसे. त्याच्या सांगण्यावरून शिंप्याने ती रेकॉर्ड घरी नेली आणि आठवड्यात गेला. मग पोस्टमास्तरांनी नेली, ते तर ऐकता ऐकताच गेले. दोघेही पिकली पानं होती, हे त्याला कळत होतं. तरी त्याने रेकॉर्ड कपाटावर खोक्यांमागे ढकलली.

शेजारच्या खोलीत राहणाऱ्या थोरल्या बहिणीचं उद्या हृदयाचं ऑपरेशन होतं. बॅग भरून ती त्याच्याकडे आली. "तुझा मारवा लाव."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई, ती फुटली गं."

"खोटं बोललास की कान लाल होतात तुझे. शिंप्याचं मनात धरून बसलायस ना?"

"विषाची परीक्षा कशाला?"

"अरे वेड्या, भिंतीपलीकडून कित्येक वर्षं ऐकतेय मी. मरायची असते तर केव्हाच मेले असते."

त्याने रेकॉर्ड काढली, पुसली, सुई टेकवली. ताईने डोळे मिटले. एरवी प्रत्येक समेला त्याची मान हलायची. आज तो फक्त ताईची शाल श्वासासरशी हलतेय का, ते पाहत होता.

गाणं संपलं. सुई खरखरू लागली, तरी तिने डोळे उघडले नाहीत. तो वाकून शालीकडे बघू लागला.

"बघत काय बसलायस?" डोळे मिटूनच ती म्हणाली. "दुसरी बाजू लाव."