अडकित्त्याला दिलेलं पाणी

माझ्या सासऱ्यांचा अडकित्ता मी पूर्ण शास्त्रशुद्ध पद्धतीनं मोडला.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. मी शहरालगतच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, पोलादाला पाणी देणाऱ्या खात्यात इंजिनिअर. पण मामाजी, म्हणजे सासरे, तहसीलीतून रिटायर झालेले. जावयाची नोकरी सरकारी नाही, हे दुःख ते भंडाऱ्याहून येताना दरवेळी सोबत आणत. (चिवड्याच्या डब्यासोबतच.) त्यांच्या तोंडून एकदा तरी शाबासकी ऐकायची, एवढंच माझं मागणं होतं.

"अडकित्त्याले कितीही धार लावा, टिकतच नाही बा," एकदा ते म्हणाले. अडकित्ता त्यांच्या वडिलांचा, जिवापाड जपलेला.

"द्या मले," मी म्हणालो. "मामाजी, आतले अणू कसे बसले, यावर सारा खेळ आहे. लोखंड लाल करून गपकन बुडवलं, की त्याईले नीट बसायले वेळच भेटत नाही. जागच्या जागी अडकते, अन् लोखंड कडक होते."

"अन् मंग पुन्हा थोडं तापवा लागते न?" स्वयंपाकघरातून बायको, कुंदा. "नाहीतर ठिसूळ राहते. तुमीच तं सांगून राहता रोज जेवताना."

"ते मोठ्या कामाले. सुपारीसाठी काहून?" (मला शाबासकीची घाई झाली होती.)

दुसऱ्या दिवशी पाणी देऊन, धार लावून आणला. पात्यावर कानस फिरवली, तर कानसच घसरली! मामाजी चक्क हसले. शेजारच्या शुक्लाजींना हात धरून घेऊन आले. "हमारे जवाई ने बनाया है." माझी छाती अशी फुगली, की शर्टाची बटणं तपासावी लागली.

मामाजींनी सुपारी ठेवली अन् दाबली. कट्ट! पात्याचे दोन तुकडे झाले.

शुक्लाजींनी सुपारी उचलून निरखली. "भैया, सुपारी बढ़िया है."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामाजींनी तुकडे रुमालात बांधले, अन् विचारलं, "जवाईबापू, तुमच्या कारखान्यात बनते काय?"

"बसच्या खाली लागते न, ते स्प्रिंगचे पट्टे."

"असं," म्हणून ते कुंदाकडे वळले. "पोरी, माह्यं बसचं तिकीट वापस कर. मी रेल्वेनंच जातो."

खरं तर मला राग यायला पाहिजे होता. पण खोटं काहून बोलू, दुसऱ्या दिवशी मीही कामावर बस सोडून सायकलनंच गेलो.