बंद गोदामातली धूळ

ऑगस्टमधला दुसरा सोमवार. सालवडच्या दवाखान्यात हजर: डॉक्टर, नोंदी ठेवणारी मी आणि भिंतीला धरून उभा असलेला एक माणूस. त्याचे डोळे लाल होते, पाय लटपटत होते. मी सरळ विचारलं, "किती घेतलीस?"

"दारू नाय घेतली ताई, धूळ घेतली."

माझा विश्वास बसेना. इथे रोज कुणीतरी खोटं बोलतं, म्हणून खरं बोलणाऱ्यालाही मी आधी हुंगून पाहते. वास नव्हता. ताप होता, सर्दी मात्र नव्हती. बोलताना तो सारखा मांड्या आणि कंबर दाबत होता. पंधरवड्यापूर्वी त्याने भाताचं बंद गोदाम झाडलं होतं, उंदरांच्या लेंड्यांसकट, कोरडंच. "पानी मारलं तर पोती भिजतात. शेठ वरडतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उंदरांपासून होणारा विषाणूचा आजार असू शकतो. पुढे दम लागेल. आत्ताच पालघरला न्या."

रिक्षात बसताना तो म्हणाला, "माज्यासोबत झाडायला दोन बाया पन होत्या, वाणगावच्या. त्यांचंबी अंग दुखत हाय."

त्या रोजावर आलेल्या, नावं त्याला ठाऊक नव्हती. मी वहीत लिहिलं: दोघी, वाणगाव. शेठकडे आणि वाणगावात विचारलं, पण त्या अजून सापडलेल्या नाहीत.